हातचे घड्याळ

आमच्या मनगटावरील घड्याळ दिवसाकाठी अर्ध्या मिनिटाने मागे पडते. सकाळी रेडिओवर बातम्या लागल्या, की आम्ही काटा तेवढा पुढे सरकवतो, घड्याळास किल्ली देतो आणि मग दिवसास आरंभ करतो. घरातली मुले हसतात. "काका, खिशातल्या फोनात वेळ दिसतेच की! मग हा उपद्व्याप कशाला?" असे विचारतात. आम्ही त्यांस गणित घालतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यांतले तीस चुकले, म्हणजे २,८८० सेकंदांत एक चुकला. इतक्या पावलांत एखादेच पाऊल चुकणाऱ्या माणसास कोणी लंगडा म्हणत नाही. मग आमच्या घड्याळासच का हसावे?

आपल्या पूर्वजांनी तर हसण्याचे कारणच ठेवले नव्हते. घड्याळ हा शब्द मुळी घटिकेच्या कुळातला. तळाशी बारीक भोक असलेले तांब्याचे पात्र पाण्यावर सोडावे, ते भरून बुडाले की एक घटिका झाली. घटिका म्हणजे २४ मिनिटे. तिची साठ पळे. म्हणजे एक पळ २४ सेकंदांचे. या हिशेबाने आमचे घड्याळ दिवसातून अवघे सव्वा पळ मागे राहते. लग्नाचा मुहूर्त सव्वा पळाने टळला म्हणून एखादा संसार मोडल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.

परंतु हे सारे झाले वकिली उत्तर. खरे उत्तर निराळे आहे, आणि ते आम्ही आजवर कोणास सांगितलेले नाही. शाळेच्या या वार्षिकात लिहिण्याचा योग आला आहे, तेव्हा सांगून टाकतो.

घड्याळ वडिलांचे. एच. एम. टी. कंपनीचे 'जनता'. पांढरी तबकडी, साधे काटे, सतरा खडे, रोज किल्ली द्यावयाची. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरास घड्याळांचा कारखाना निघाला आणि परदेशी घड्याळावाचून अडणाऱ्या आपल्या देशास स्वतःचे घड्याळ मिळाले. पुढे या घड्याळांस इतकी मागणी आली, की ती मिळविणे हीच एक कामगिरी होऊन बसली. नव्या नवरदेवास, मॅट्रिक झालेल्या मुलास, निवृत्त होणाऱ्या गुरुजींस हेच देण्याची रीत पडली. वडिलांनी आपले १९७४ साली घेतले. ते हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात कारकून होते आणि आमचे बिऱ्हाड धारवाडास. रोज सकाळची गाडी धरून वीस-एक किलोमीटर जावयाचे. सदर्न मराठा रेल्वेच्या काळापासून चालत आलेल्या त्या वर्कशॉपात उशिराची सबब चालत नसे. म्हणून घरात देवाच्या खालोखाल मान होता तो त्या घड्याळास. रात्री ते रुमालाच्या घडीवर ठेवले जाई, आणि त्यास हात लावण्याची आम्हांस सक्त मनाई होती.

१९८५ सालच्या पावसाळ्यात आम्ही ती मनाई मोडली. आम्ही तेव्हा नववीत होतो. धारवाडचा पाऊस; चार दिवस सूर्याचे दर्शन नाही; रविवारची दुपार; वडील झोपलेले. आत टिकटिक करणारे ते काय असते, हे पाहण्याची बुद्धी झाली. खिशातल्या चाकूचे पाते पाठीमागच्या झाकणाच्या फटीत घातले. पाते दोनदा निसटले, तिसऱ्यांदा झाकण उघडले. आत एक चिमुकले चाक जिवाच्या आकांताने पुढे-मागे झुलत होते. ते किती सुंदर दिसत होते हे आजही आठवते. ते चाक क्षणभर थांबवून पाहावे म्हणून आम्ही त्यावर टाचणी टेकविली. ते थांबले. टाचणी काढली, तरी ते थांबलेलेच राहिले.

झाकण दाबून बसविले, घड्याळ रुमालावर ठेवले आणि पुस्तक उघडून बसलो. संध्याकाळी वडील म्हणाले, "हे कसं बंद पडलं?" आम्ही म्हणालो, "पावसाची दमट हवा लागली असेल, बाबा." खोटे बोलण्यास फार वेळ लागत नाही. तो लागतो पुढे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर घड्याळ दुरुस्तीस नेण्याचे काम आमच्याकडेच आले. बाजारात जिन्याखाली एक खोली होती. खोली कसली, उभे कपाटच ते! तीत एक वृद्ध घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसलेले असत. सारा गाव त्यांना अज्जा म्हणे. आम्हीही तेच म्हणत असू. त्यांनी झाकण उघडले, भिंगातून पाहिले आणि मान वर न करता आपल्या कानडी वळणाच्या मराठीत विचारले, "तम्मा, हे पडलं नाही. हे उघडलंय. चाकूनं का?"

आम्ही गप्प राहिलो.

"धुऱ्याचं टोक मोडलंय," ते म्हणाले. "नवा बंगळूरहून मागवायचा म्हणजे पंधरवडा जाईल. वडिलांची गाडी पंधरवडा थांबेल का रे?"

थांबणार नव्हती. अज्जांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग करावा लागेल. उद्या ये. बघायला ये."

त्या आठवड्यात चार संध्याकाळी आम्ही त्या जिन्याखाली उभे राहून जे पाहिले, ते कोणत्याही पुस्तकात आम्हांस तितके स्पष्ट वाचावयास मिळाले नाही. घड्याळाची सारी युक्ती थोडक्यात अशी : किल्ली देताना आपण एक पोलादी पट्टी गुंडाळतो. ती उलगडू पाहते आणि तिच्या ओढीने दातेरी चाकांची रांग फिरू लागते. या ओढीस मोकळे सोडले, तर सारी किल्ली क्षणात संपून जाईल. म्हणून रांगेच्या शेवटी एक पहारेकरी बसविलेला असतो. तो एका वेळी एकच दाता सुटू देतो; आणि त्यास हुकूम देणारे ते झुलते चाक, ज्यास घड्याळजी 'बॅलन्स' म्हणतात. 'जनता'च्या बॅलन्सचे तासाला १८,००० हेलकावे. म्हणजे सेकंदास पाच, दिवसास ४,३२,००० आणि वर्षास १५ कोटी ७६ लक्ष ८० हजार. हा सारा भार ज्या धुऱ्यावर, तो तांदळाच्या दाण्याहूनही लहान. आणि त्याची दोन्ही टोके माणसाच्या केसाएवढी बारीक. ती माणकाच्या खड्यांतील भोकांत फिरतात. आमच्या टाचणीने त्यांतले एक मोडले होते.

अज्जांनी पोलादाची एक बारीक काडी घेतली. ती दिव्यावर लाल होईतो तापविली आणि तेलात बुडविली. त्याने पोलाद काचेसारखे कठीण होते आणि काचेसारखेच ठिसूळ. मग ती घासून चकचकीत केली आणि पुन्हा हळूहळू तापविली. पोलादावर प्रथम गवताच्या काडीसारखा पिवळा रंग आला, मग तपकिरी, मग जांभळा. आणि निळा उमटताच त्यांनी ती चटकन् बाजूला घेतली. "निळं झालं की कठीणही राहतं आणि मोडतही नाही," ते म्हणाले. त्यांच्या बाकावर वीतभर लांबीचे पितळी लेथ होते. त्यास मोटार नव्हती. बांबूच्या कमानीस ताणलेल्या दोरीने ते डाव्या हाताने फिरवावयाचे आणि उजव्या हातात धारदार हत्यार धरून काडी कातावयाची. हत्यार लागे तेथून केसाहून बारीक लोखंडी कुरळे निघत. मधूनच ते थांबत, माप घेत, पुन्हा कातीत. पहिला धुरा दुसऱ्या संध्याकाळी टोकाशी मोडला. अज्जा काही बोलले नाहीत. नवी काडी घेतली. दुसरा मापात कमी भरला. तिसरा बसला.

चौथ्या संध्याकाळी बॅलन्स पुन्हा झुलू लागला, तेव्हा आम्ही जवळजवळ ओरडलोच. अज्जांनी भिंग काढले, डोळे चोळले आणि म्हणाले, "घड्याळ मी दुरुस्त केलं. झाकणावरचे ओरखडे मी काढणार नाही. ते का आले, ते घरी तू सांगायचं." मजुरी त्यांनी इतकी थोडी सांगितली, की चार संध्याकाळींचा हिशेब आम्ही आजतागायत जुळवू शकलो नाही.

आम्ही घरी सांगितले नाही. त्या रात्री सांगू म्हटले, मग रविवारी, मग परीक्षा झाल्यावर. वडिलांनी घड्याळ कानाशी धरले, मागे उलटून पाहिले, बोट एकदा झाकणावरून फिरविले आणि मनगटावर बांधले. काही विचारले नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी किल्ली देण्याचे काम त्यांनी आमच्याकडे सोपविले. ज्या घड्याळास हात लावण्याची मनाई होती, ते रोज हातात देऊ लागले. ती शिक्षा होती की विश्वास, हे आम्हांस तेव्हा कळले नाही आणि पुढे विचारण्याचे धैर्य झाले नाही. वडील २००९ साली गेले. घड्याळ आमच्याकडे आले. ओरखडे त्यावर तसेच आहेत.

वाचकहो, यानंतर आम्ही घड्याळे घडविणाऱ्यांविषयी जेथे जे मिळेल ते वाचू लागलो. त्या वाचनात जॉर्ज डॅनियल्स नावाचा इंग्रज कारागीर भेटला. १९२६ साली जन्मलेला, लंडनच्या गरीब घरातला. लहानपणी त्याने घरातले गजराचे घड्याळ उघडून पाहिले. हे वाचून आम्ही थोडे सुखावलो. परंतु त्याने पुढे जे केले ते आम्ही केले नाही. सैन्यातून परतल्यावर त्याने घड्याळदुरुस्ती पत्करली, रात्रीच्या वर्गांत बसून शिकला आणि अखेर संपूर्ण घड्याळे आपल्या दोन हातांनी घडवू लागला. घड्याळ घडविण्यास चौतीस निरनिराळी कसबे लागतात असे मानले, तर त्यांतली बत्तीस आपणास येतात असे तो सांगे. मोठ्या कारखान्यात एकेक कसब एकेका माणसाकडे असते. येथे बत्तीस एका माणसात! घड्याळाच्या त्या पहारेकऱ्याची नवी रचनाही त्याने शोधून काढली. कित्येक वर्षे ती कोणी स्वीकारीना. १९९९ साली स्वित्झर्लंडच्या ओमेगा कंपनीने ती आपल्या घड्याळांत बसविली, तेव्हा तो सत्तरी ओलांडून गेला होता. २०११ साली तो वारला.

त्याहून आम्हांस भावली ती त्याच्या शिष्याची गोष्ट. रॉजर स्मिथ या तरुणाने डॅनियल्सचे पुस्तक पुढे ठेवून एकट्याने एक खिशातले घड्याळ घडविले आणि मोठ्या आशेने गुरूस दाखविले. गुरू म्हणाला, हे हाताने केलेले दिसते. ती स्तुती नव्हती. तो दोष होता. घड्याळ असे हवे, की पाहणाऱ्यास हाताची खूण कोठे सापडू नये. ते जणू तसेच उगवले असे वाटावे. स्मिथ परत गेला आणि दुसरे घड्याळ करावयास बसला. त्यास सुमारे पाच वर्षे लागली. ते पाहून गुरूने त्यास जवळ केले. आज आयर्लंड आणि इंग्लंड यांच्यामधील आयल ऑफ मॅन नावाच्या लहानशा बेटावर स्मिथची कार्यशाळा आहे. तेथे माणसे वर्षभर खपतात आणि वर्षाकाठी वीस मनगटी घड्याळेही बाहेर पडत नाहीत. त्यांच्या किमती आमच्यासारख्याने वाचून सोडून द्याव्यात अशा आहेत. २०२० साली स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या सीमेवरील घड्याळकारीस युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. ज्याला वारसा म्हणून जपावे लागते ते संपत चालले आहे, असाही त्याचा अर्थ निघतो.

आमचे अज्जा डॅनियल्स नव्हेत. त्यांनी अख्खे घड्याळ कधी घडविले नाही. चौतिसांतली चार-पाच कसबे त्यांस येत असतील. परंतु हाताची खूण लपविण्याचा तो नियम ते न वाचताच पाळीत होते, हे आम्हांस फार उशिरा कळले. ते कसे, ते पुढे सांगतो.

मध्यंतरी जग बदलले. १९६९ च्या अखेरीस जपानच्या सैको कंपनीने स्फटिकावर चालणारे मनगटी घड्याळ विकावयास काढले. आज आपण सर्रास वापरतो त्या घड्याळांतील स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो. आमचा बॅलन्स बिचारा पाच हेलकावे घेतो. अचूकपणाच्या शर्यतीत जिंकले कोण, हे सांगावयास नको. एच. एम. टी.ची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. अज्जांची खोलीही केव्हाच गेली. तेथे आता मोबाईलची कव्हरे टांगलेली असतात. आम्ही याबद्दल अश्रू ढाळीत नाही. स्वस्त आणि अचूक वेळ गरिबाच्या मनगटावर आली, हे चांगलेच झाले. हाताने केलेले ते सारे उत्तम आणि यंत्राने केलेले ते सारे हलके, असे म्हणणारास आम्ही आमच्या घड्याळाचा रोजचा अर्धा मिनिट दाखवू.

मग हाताचे महत्त्व कशात? हा प्रश्न आपल्या गावासही नवा नाही. हुबळीच्या बेंगेरी भागात १९५७ च्या नोव्हेंबरात स्थापन झालेला खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ आहे. हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या खादीचा राष्ट्रध्वज तेथे शिवला जातो आणि देशभर जातो. आकार, रंग, शिवण, सारे ठरलेल्या मानकाप्रमाणे तपासूनच ध्वज बाहेर पडतो. तेथील शिवणाऱ्या बहुतेक स्त्रिया आहेत. ध्वजावर कोणा एकीच्या हाताची खूण दिसता कामा नये. दिसावा तो ध्वज. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावरील आणि पॉलिएस्टरच्या ध्वजासही मुभा मिळाली. घरोघरी स्वस्त ध्वज पोहोचला हे खरे. आणि चरख्यावर ज्यांचे पोट होते त्यांस चिंता लागली, हेही खरे. दोन्ही खरी असतात तेव्हा निकाल देणे अवघड होते. आम्ही तो देणार नाही. आम्ही फक्त आमच्या घड्याळाने आम्हांस जे शिकविले तेवढे सांगतो.

गेल्या वर्षी घड्याळ अडखळू लागले. शोध करीत आम्ही हुबळीस एका तरुण घड्याळजीकडे पोहोचलो. त्याचा मुख्य धंदा बॅटऱ्या आणि पट्टे बदलण्याचा. परंतु आजोबांचे लेथ त्याने मोडीत घातले नव्हते, आणि जुन्या घड्याळांची त्यास ओढ होती. त्याने झाकण उघडले. ओरखड्यांकडे पाहून आमच्याकडे पाहिले, बोलला काही नाही. मग भिंग लावून बराच वेळ आत पाहत राहिला.

"साहेब, हा धुरा कंपनीचा नाही," तो म्हणाला. "कुणीतरी हातानं कातलाय. खांद्याचा कोन जरा निराळा आहे म्हणून कळलं, नाहीतर कळलंच नसतं. कुणी केला हा?"

आम्ही अज्जांचे नाव सांगितले. त्याने ऐकले नव्हते. त्याने विचारले, "याचा एक फोटो घेऊ का? माझा अजून असा होत नाही. टोकाशी मोडतो."

"त्यांचाही पहिला मोडला होता," आम्ही म्हणालो. "दुसरा कमी भरला. तिसरा बसला."

हे ऐकून त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले, ते पाहण्यासाठी आम्ही पुन्हा एकदा घड्याळ मोडावयास तयार झालो असतो! त्या दिवशी आम्हांस उलगडा झाला. अज्जांनी केलेले काम आम्ही रोज मनगटावर वागवीत होतो, पण ते आम्हांस दिसत नव्हते. ते दिसले त्याच विद्येच्या दुसऱ्या माणसास, आणि तेही किंचित कोन निराळा होता म्हणून. चांगल्या कामाची सही अशी अक्षरात नसते. आणि दुसरे असे, की जे हाताने घडते ते मोडले तर हाताने पुन्हा घडविता येते. आमच्या फोनातली बॅटरी फुगली तेव्हा नवा घ्या असे सांगण्यात आले. आमचा धुरा मोडला तेव्हा कोणीतरी दिव्यावर काडी तापविली. यंत्राने अचूकपणा आणला. परंतु मोडलेल्याकडे परत वळण्याची सवय हातांनीच जपली. त्या सवयीसाठी आम्ही रोज अर्धा मिनिट भरतो. व्यवहार महाग नाही.

असो. धुरा दुरुस्त झाला, ओरखडे राहिले. अज्जांनी आपला शब्द पाळला आणि आम्ही आमचा पाळला नाही. आज चाळीस वर्षांनी, ऐकावयास वडील नसताना, आम्ही ते या पानावर लिहीत आहोत. याने फार काही साधत नाही, हे आम्ही जाणतो. उशिराने दिलेली कबुली ही मागे पडणाऱ्या घड्याळासारखी असते. काटा पुढे सरकविता येतो, गेलेली वेळ सरकविता येत नाही.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी घरातली एखादी वस्तू उघडून पाहिली असेल आणि ती मोडली असेल, तर उघडल्याबद्दल आम्ही तुम्हांस दोष देणार नाही. उघडल्याशिवाय काही कळत नाही. मात्र आज संध्याकाळी, दिवे लागायच्या आत, घरी जाऊन सांगून टाका. आणि जमल्यास ती वस्तू दुरुस्त करणाऱ्याच्या बाकाशी चार संध्याकाळी उभे राहा. आपली भाषा ज्यास हातचे म्हणते, ते असेच कोणाच्या तरी शेजारी उभे राहून एका हातातून दुसऱ्या हातात जाते. हुबळीच्या त्या तरुणाने परवा निरोप पाठविला आहे : दुसरा धुराही मापात कमी भरला. तिसऱ्याची काडी त्याने तापवावयास घेतली आहे.